चवदार तळ्याकाठचे प्राध्यापक

महाड हे नाव उच्चारले की चवदार तळे आणि २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. शिवथरच्या खोऱ्यातील मुलांना हे तळे दूरचे नाही. बाजारहाटासाठी, जातीच्या दाखल्यासाठी किंवा बारावीनंतरच्या प्रवेशासाठी महाडला उतरले की पावले आपोआप तिकडे वळतात. त्या तळ्यातील पाणी ओंजळीने घेणारे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रही म्हणून आपल्याला परिचित आहेत, घटनेचे शिल्पकार म्हणून वंदनीय आहेत. परंतु त्या दिवसांत ते उपजीविकेसाठी काय करीत होते, हे फारसे सांगितले जात नाही. ते वकिली करीत होते आणि मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत विद्यार्थ्यांना व्यापारी कायदा शिकवीत होते. महाडला आलेला नेता हा पेशाने शिक्षकही होता.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महाडच्या परिषदेपूर्वी आठवडाभर आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलले होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला होता. मूल शाळेत दाखल झाले याने त्यांचे समाधान होत नव्हते. ते टिकले का, शिकले का, हा त्यांचा प्रश्न होता.

चवदार तळ्याची कथाही हीच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव कौन्सिलाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण तीन वर्षे कुणाला ओंजळभर पाणी घेता आले नाही. उच्च शिक्षणाचे दारही असेच आहे. प्रवेश मिळणे आणि शिकता येणे या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर असते. ते अंतर कोणाच्या मदतीने तुटते आणि कशा अध्यापनाने तुटते, याचे उत्तर बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत आहे. या स्मरणिकेत त्यांचे चरित्र त्या अंगाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आई भीमाबाई लवकर वारल्या. निवृत्तीनंतर रामजींचे कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळेत नाव होते, पण बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्यावाचून पिता येत नसे आणि शिपाई नसला की तहानेलेच राहावे लागे. पटावर नाव असूनही शाळेबाहेर असणे म्हणजे काय, हे त्यांनी नवव्या वर्षीच अनुभवले.

या काळात त्यांचा खरा वर्ग घरात भरत होता. रामजींना इंग्रजी व गणित यांची उत्तम जाण होती. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतरमालेची पुस्तके घोटून घेतली. मराठीतील प्रत्येक शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे तो शब्द वाक्यात वापरून पाहण्याची सवय लावली. कुटुंब मुंबईला आले तेव्हा परळच्या चाळीत एकच खोली होती. तिच्यात स्वयंपाक, सरपण, जाते, शेळी आणि माणसे सारे एकत्र. रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागत राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवीत, मग स्वतः आडवे होत. शांतता विकत घेता येत नव्हती म्हणून त्यांनी ती आपल्या झोपेच्या मोबदल्यात मिळवली. पुस्तकासाठी मुलाने हट्ट धरला की ते विवाहित मुलींकडे जात, पैसे उसने आणीत, प्रसंगी मुलीचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की तो सोडवून परत देत. पालकाचे शिक्षण असो वा नसो, मुलाच्या अभ्यासासाठी जागा आणि वेळ राखून ठेवणे हे त्याच्या हाती असते.

एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना संस्कृत शिकण्याची वाट बंद असल्याने भीमरावांना फारसी घ्यावी लागली. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे शिक्षक व चरित्रकार येत असत. रोज पुस्तकात डोके घालून बसलेल्या या मुलाची त्यांनी आपणहून चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली आणि काय वाचावे याचे मार्गदर्शन केले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला आणि केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेल्या त्या पुस्तकाचे मोल किती झाले, हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जगाने पाहिले.

मॅट्रिकनंतर पैशांअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा पुन्हा केळूसकर धावून आले. त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत या विद्यार्थ्याची हकिगत पोहोचवली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली आणि अंगावर घालायला कपडेही दिले. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले. ज्या मुलासाठी त्यांनी रात्री जागवल्या, त्याचे पुढचे शिक्षण पाहण्यास ते राहिले नाहीत.

त्याच वर्षी सयाजीरावांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार झाला. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. येथे त्यांना नवल भथेना या पारशी तरुणाचा सहवास लाभला. दोघे एका वसतिगृहात राहिले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. जेवायला एका टेबलावर बसणे, एकाच ग्रंथालयात कोणाच्याही शेजारची खुर्ची ओढणे, वर्गात हात वर करून विचारणे या गोष्टी त्यांनी प्रथमच कुणाच्या भीतीवाचून केल्या.

परंतु कोलंबियाने त्यांना समतेच्या अनुभवापेक्षाही अधिक काही दिले. तेथे त्यांना शिकवण्याची एक निराळी तऱ्हा पाहायला मिळाली. मुंबईत त्या काळी प्राध्यापकाने सांगावे, विद्यार्थ्याने उतरून घ्यावे आणि परीक्षेत ते परत लिहावे, हाच क्रम होता. कोलंबियात एखाद्या विषयाचे मूळ कागद वाचायचे, त्यावर स्वतः निबंध तयार करायचा, तो सहाध्यायांसमोर वाचायचा आणि त्यांच्या आक्षेपांना उत्तरे द्यायची, अशी पद्धत होती. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींची घडण, उत्पत्ती व वाढ या विषयावर निबंध वाचला. जातीविषयीचे त्यांचे पहिले शास्त्रीय लेखन एका वर्गातील गृहपाठातून जन्माला आले. पुढच्या वर्षी तो निबंध छापला गेला. जो विषय त्यांनी साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसून भोगला होता, तोच आता त्यांनी टेबलावर ठेवून पुराव्यानिशी तपासला.

तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे तेथील त्यांचे गुरू. शिक्षण म्हणजे मनात माहिती साठवणे नसून अनुभवाचा शोध घेत विचार करायला शिकणे होय, ही ड्यूई यांची भूमिका होती. या गुरूंचे आपल्यावरील ऋण बाबासाहेबांनी १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात कृतज्ञतेने नमूद केले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांना त्यांनी संशोधनाची पद्धत कोणती वापरावी असे विचारले असता, मन लावून काम करीत राहिल्यास आपली पद्धत आपोआप घडत जाते, अशा आशयाचा सल्ला त्यांना मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे लंडनला जाताना याच सेलिग्मन यांनी तेथील विद्वानांना शिफारसपत्रे दिली आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्याला प्रस्तावनाही लिहिली. विद्यार्थी वर्गातून बाहेर पडल्यावर शिक्षकाचे काम संपले, असे या गुरूने मानले नाही.

१९१५ साली एम.ए. झाल्यावर भीमराव १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांची ग्रंथसंपदा वेगळ्या बोटीने येत होती. महायुद्धात ती बोट बुडवली गेली. करारानुसार बडोद्याला नोकरीस गेले, तर राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाईही कागद दुरून टाकीत. एवढी विद्या संपादन करूनही घर मिळू नये, ही जखम घेऊन ते मुंबईला आले. जवळ पदव्या होत्या, उत्पन्न नव्हते. तेव्हा त्यांनी शिकवण्या घेतल्या.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये होते. हा प्राध्यापक आपल्याला काय शिकवणार, अशा नजरेने विद्यार्थी प्रथम त्यांच्याकडे पाहत असत. काही सहकारी प्राध्यापकांनी तर सामाईक पाण्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली. बाबासाहेबांनी त्या हरकतीला आपल्या अध्यापनाने उत्तर दिले. प्रत्येक तासासाठी ते एवढी तयारी करीत की त्यांच्या टिपणांचे पुस्तक व्हावे. विषय सोपा करताना त्यांनी तो कधी उथळ केला नाही. हळूहळू वर्ग शांत झाला, मग उत्सुक झाला, आणि काही दिवसांनी दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. शिक्षक कोणत्या घरातून आला हे विद्यार्थी विसरले, याचे कारण तो तयारी करून येत होता.

सिडनहॅमच्या पगारातून काटकसर करून त्यांनी पैसा साठवला. घरखर्चाचा भार रमाबाईंनी मोजक्या पैशांत वाहिला. लहानग्यांच्या मृत्यूचे दुःख सोसत आणि पतीच्या परदेशवासात घर सांभाळीत या माउलीने जे केले, त्यावाचून लंडनच्या पदव्या मिळाल्या नसत्या. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १,५०० रुपये दिले आणि नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

लंडनमधील ती वर्षे अर्धपोटी अभ्यासाची होती. सकाळी घरमालकिणीकडील अपुरी न्याहारी घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात आणि दार बंद होईपर्यंत बसून असत. रात्री खोलीवर परत वाचन. १९२१ साली एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. तो परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला परतले, प्रबंध पुन्हा लिहून काढला, लंडनला धाडला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी पदरात पडली. पहिल्या सत्रात नापास झालेल्या किंवा प्रकल्प परत आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मनात ठेवावे. परत आलेला कागद हा शेवट नसतो. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यांची काही मते मान्य नव्हती. तरीही त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तीत मतभेद मोकळेपणाने नोंदवले आणि विचारातील ताजेपणाची वाखाणणी केली. शिष्याने आपल्यासारखेच म्हणावे अशी अपेक्षा न ठेवता त्याला उभे करणारा गुरू बाबासाहेबांना लाभला.

मायदेशी परतल्यावर त्यांना आपल्या अनुभवाचे सार मांडण्याची संधी लवकरच मिळाली. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीने एक प्रश्नावली काढली. तिला बाबासाहेबांनी दिलेले लेखी उत्तर आजच्या प्रत्येक महाविद्यालयीन शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यांचे म्हणणे असे की विद्यापीठातील अध्यापन प्रौढांना साजेसे, शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात तथ्ये आणि सिद्धान्त भरण्यापेक्षा त्याचे स्वत्व जागे करणे आणि त्याला बौद्धिक कष्टाला प्रवृत्त करणे महत्त्वाचे. अधिकारी ग्रंथकारांचे चिकित्सक वाचन करण्याची, प्रसंगी मूळ साधनांपर्यंत जाण्याची त्याला सवय लागावी. वस्तुस्थिती कोणती आणि नुसते मत कोणते, हा भेद त्याला करता यावा. सत्यापर्यंत पोहोचणे किती अवघड आणि किती मोलाचे आहे, याची त्याला जाणीव व्हावी. केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर त्यांचा विश्वास नव्हता. पदवीपूर्व अध्यापन एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे अशी फारकत केल्याने दोहोंचे नुकसान होते, असे त्यांचे मत होते. १९२७ साली कौन्सिलात विद्यापीठ कायद्यावर बोलताना त्यांनी आणखी एक अपेक्षा जोडली. उच्च शिक्षण गरजूंच्या आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कर्तव्य आहे, हा तिचा आशय होता.

या दोन अपेक्षा एकत्र ठेवल्या की बाबासाहेबांचा शैक्षणिक विचार पूर्ण होतो. काही जण गरिबांसाठी शिक्षण म्हणजे सोपे, उणे शिक्षण असे समजतात. काही जण उत्तम शिक्षण म्हणजे निवडक लोकांचे शिक्षण समजतात. बाबासाहेबांना उत्तम शिक्षण हवे होते आणि ते सर्वांत मागे बसलेल्याला हवे होते. त्यासाठी आधार द्यावा लागतो, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

म्हणून त्यांना स्वतःला जो जो आधार मिळाला होता, त्याची त्यांनी व्यवस्था बनवली. परळच्या खोलीत रात्री दोनला अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याने जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. मुलाला झोपायला, जेवायला आणि दिव्याखाली बसायला जागा मिळाली की निम्मे काम होते, हे त्यांना ठाऊक होते. १९२८ साली त्यांनी दलित वर्गाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढून वसतिगृहांचे काम पुढे नेले. त्याच वर्षी ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच, जून १९३५ मध्ये, त्यांनी त्या कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले आणि १९३८ पर्यंत ते सांभाळले. कायद्याच्या शिक्षणात काय सुधारणा हव्यात, यावर त्यांनी कॉलेजच्या नियतकालिकात लेखही लिहिला.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला विद्यार्थी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य झाला. त्याच वर्षी त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एका राजाच्या औदार्याने त्यांना जे मिळाले, ते त्यांनी पुढच्या पिढ्यांना हक्क म्हणून मिळवून दिले. आज आपल्या खोऱ्यातील मुलगी महाविद्यालयात शिष्यवृत्तीचा अर्ज भरते तेव्हा त्या अर्जामागे हा इतिहास असतो.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. संस्कृतचे विद्वान अ. बा. गजेंद्रगडकर हे पहिले प्राचार्य होते. महाविद्यालय सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले होते. तेथे सकाळचे वर्ग भरत, म्हणजे कचेरीत वा गिरणीत काम करणाऱ्या तरुणाला तास आटोपून कामावर जाता येई. ज्याला कमावल्यावाचून शिकता येत नाही, त्याच्या दिनक्रमाकडे पाहून वेळापत्रक आखणे हे साधे वाटते, पण अध्यापनाइतकेच ते महत्त्वाचे आहे. या महाविद्यालयात विद्यार्थी संसद भरत असे. विधेयक मांडणे, बाजू घेणे, विरोधकाचे ऐकून घेणे याचा सराव विद्यार्थी तेथे करीत. कोलंबियाच्या चर्चासत्राचे मुंबईतील हे रूप होते.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राजवटीतून नुकताच मुक्त झाला होता आणि उच्च शिक्षणाच्या सोयी तेथे नसल्यासारख्या होत्या. म्हणून १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. आपल्या शाळेत मिलिंद-प्रश्न हा ग्रंथ परिचित आहे. ग्रीक राजा मिलिंद हा प्रश्न विचारण्यात पटाईत होता. भदन्त नागसेनांनी चर्चेआधी त्याला विचारले की तू पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा. पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. राजाने पंडितांचा मार्ग निवडला. महाविद्यालयाला हे नाव देण्यात अध्यापनाची एक पद्धत अभिप्रेत आहे. वर्गात शिक्षकाने राजा होऊ नये आणि विद्यार्थ्याने प्रजा होऊ नये. प्रश्न विचारणाऱ्याला भय नसावे आणि उत्तर पटले तर ते स्वीकारण्याचा मोठेपणा असावा.

ग्रंथांवरील त्यांचे प्रेम सर्वश्रुत आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह हे घर त्यांनी पुस्तकांचा विचार करून बांधले. देशाची घटना लिहिण्याच्या धकाधकीतही त्यांचे वाचन खंडले नाही. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. पण आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या मनात एक खंत होती. मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत त्यांनी ती बोलून दाखवली. शिकून नोकरीला लागलेली माणसे आपल्या समाजाकडे पाठ फिरवतात, याचे त्यांना तीव्र दुःख होते. एका अर्थी ती एका शिक्षकाची आपल्या विद्यार्थ्यांविषयीची व्यथा होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्माचा स्वीकार केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या पश्चात त्यांच्याच संस्थेचे महाविद्यालय महाडला उभे राहिले. ज्या गावात पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच गावात त्यांच्या नावाचे महाविद्यालय असावे, ही इतिहासाने केलेली भरपाई होय.

हे चरित्र वाचून हात जोडणे सोपे आहे. आपल्या निवासी शाळेपुढील काम त्याहून थोडे कठीण आहे. शाळेत मुलाला वेळेवर जेवण मिळते, घंटा वाजली की अभ्यास होतो, आजारी पडला तर विचारणारे कुणी असते. बारावीनंतर तो महाड, पोलादपूर, पुणे वा मुंबई गाठतो आणि एकाएकी हे सारे सुटते. वर्गात शंभर मुले, व्याख्यान इंग्रजीत, प्राध्यापकाला नाव माहीत नाही, खोलीत चौघे आणि संध्याकाळी काम. घराण्यात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नसेल, तर कोणत्या खिडकीवर काय विचारावे, हेही सांगणारे कुणी नसते. असा विद्यार्थी बुद्धीने कमी पडत नाही. तो एकटा पडतो आणि पहिल्या वर्षातच गळतो. १९२७ सालच्या त्या हिशेबातील ब्याऐंशी मुले अशीच गळली होती. फरक इतकाच की तेव्हा ती चौथीच्या आत गळत होती.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक माजी विद्यार्थी किंवा शिक्षक वर्षभर उभा राहिला, महिन्यातून एकदा त्याच्याशी बोलला, त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आणि सत्राचा निकाल पाहिला, तर केळूसकर गुरुजींचे काम आपल्या खोऱ्यात चालू राहील. जुनी पाठ्यपुस्तके शाळेच्या कपाटात जमा झाली, तर म्युलर यांचे काम होईल. शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एकदा स्वतः लिहिलेला लहानसा निबंध मित्रांपुढे वाचावा आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत, एवढे जरी झाले तरी महाविद्यालयातील चर्चासत्र त्यांना परके वाटणार नाही. शिक्षकांनीही तासाला येताना तयारी करून यावे आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचा राग धरू नये. आणि जे शिकून नोकरीला लागले आहेत, त्यांनी आग्र्याची खंत आपल्या बाबतीत खरी ठरू देऊ नये. या वर्षी शाळेतून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची यादी कार्यालयात असते. ती पाहून आपण कोणामागे उभे राहणार, हे प्रत्येक माजी विद्यार्थ्याने जून उजाडण्यापूर्वी ठरवावे.